कोपीतल्या माणसालाही गावातच मोजा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

हे पत्र येत्या शिरगणतीबद्दल, म्हंजे जनगणनेबद्दल आहे, आणि ऊसतोडीच्या कोप्यांतली, म्हंजे पालापाचटाच्या झोपड्यांतली माणसं तिच्यात सुटू नयेत याबद्दल. पत्र थोडं लांबलंय. जमलं तर पूर्ण छापा, मधलं काढलं तर मला काय म्हणायचंय ते वाचणाऱ्याला कळायचं नाही.

मी रिटायर्ड प्राथमिक शिक्षिका. सगळी नोकरी खानापूर आणि आटपाडी तालुक्यात झाली. विट्यापासनं एसटीनं पाऊण तासावर आमचं गाव आहे. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढं ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांना उद्या कुणी बोट दाखवून त्रास द्यायला नको. बाजारपेठ आहे, दोन बँका आहेत, सराफ कट्टा आहे म्हणून आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं आम्हाला शहरवाले म्हणतात, पण संध्याकाळी म्हशी अजून मेन रोडवरनंच घरी येतात, म्हंजे तसं गावच.

गेल्या महिन्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरला. गावात बाहेरचे लई झालेत, कोण कुठला पत्ता नाही, जे घरमालक त्यांना खोल्या देतात त्यांची नावं बोर्डावर लावा, असा सगळा मजकूर. खाली अंगठ्यांची रांग लागलेली. त्यात माझ्या हाताखाली अ आ इ ई शिकलेली पोरं पण होती, हे बघून मला रात्री झोप लागली नाही. चार दिवसांनी देवळापुढं मीटिंग झाली, 'मूळ गावकरी' 'मूळ गावकरी' हा एकच शब्द सगळ्यांच्या तोंडात. मी बोलायला उठले तर 'बाई, तुमचं नंतर घेऊ' म्हणाले आणि ते नंतर काय आलंच नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय.

२००१ आणि २०११ या दोन्ही शिरगणत्यांना मी प्रगणक होते. म्हंजे आमच्या भागातलं एकेक दार मी वाजवलंय, दारावर नंबर टाकलाय, ओसरीवर बसून फॉर्म भरलाय. ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं की फॉर्म दुमडायचा नाही, घडी घालायची नाही, तो मशीनमधनं स्कॅन होणार आहे, म्हणून पोरीच्या ड्रॉइंगच्या पॅडला चिमटा लावून मी ते कागद उन्हातान्हात घेऊन हिंडले. त्यामुळं गावात कोण राहतं हे मला देवळापुढच्या मीटिंगपेक्षा जास्त माहीत आहे असं मी म्हटलं तर त्यात गर्व नाही, ते काम केलंय म्हणून म्हणतेय.

तर ऐका. वरच्या आळीत मराठा आणि माळी घरं, देवळाच्या मागं गुरव, त्याच्या बाजूला सुतार, लोहार, कुंभार आणि परटाची दोनचार. पेठेत लिंगायत वाणी आणि जैन, त्यांच्यातल्या म्हाताऱ्या बायका अजूनपण घरात कानडी बोलतात, सुनांना येत नाही म्हणून सुनांशी मराठी आणि देवाशी कानडी. मशिदीच्या बोळात मुल्ला, तांबोळी, बागवान, आतार, पिंजारी, शिकलगार. बाहेरनं बघणाऱ्याला ते सगळे नुसते मुसलमान, पण आत प्रत्येकाचा धंदा वेगळा, सोयरीक वेगळी, आणि घरातली बोली दखनी, जिच्यात निम्मं मराठी मिसळलेलं असतं. ओढ्याकडं बौद्ध वस्ती, तिच्या अलीकडं मातंग, पलीकडं चांभार आणि होलार. गावकुसाबाहेर रामोशी. माळावर धनगरांच्या वस्त्या लांबलांब. दगडाच्या खाणीकडं वडार, एसटी स्टँडच्या मागं कैकाडी, आणि जत्रा-बाजार धरून येणारे नंदीवाले, वैदू, गोसावी, डोंबारी, यातली काही घरं आता कायमची राहिलीत, रेशनकार्ड झालंय, काहींचं अजून नाही. वारणेवर चांदोलीचं धरण झालं तेव्हा उठलेल्या वाड्या जिल्ह्यात ठिकठिकाणी बसवल्या, त्यातले पाहुणेपण आमच्याकडं सोयरिकीनं आलेत.

ही झाली ज्यांना आज 'मूळ' म्हणतात ती माणसं. आता जरा मागं जाऊन बघा यातलं मूळ कोण. वाणी कर्नाटकातनं व्यापाराला आले. वडार आणि वैदू घरात जे बोलतात ते तेलुगूच्या जवळचं, कैकाडी बोलतात ते तमिळच्या जवळचं, पारधी बोलतात ते गुजरातीच्या जवळचं. म्हंजे ही माणसं कधीतरी तिकडनं इकडं चालत आलीत, कुणी दगड फोडत, कुणी बुट्ट्या विणत, आणि इथं राहून गावच्या विहिरी खोदल्या, तटबंदीचे दगड घडवले, कणग्या विणून दिल्या. आणि आम्ही? माझे सासरे बाहत्तरच्या दुष्काळात माणदेशातनं चार जनावरं आणि तीन पोरं घेऊन इथं आले. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, मग वाट्यानं जमीन केली. आज आमचं घर वरच्या आळीत आहे म्हणून मला कुणी बाहेरचं म्हणत नाही. पण २००१ च्या फॉर्मवर 'मागचं राहण्याचं ठिकाण' हा कॉलम होता, तिथं माझ्या सासऱ्यांचं मीच माझ्या हातानं माण, जिल्हा सातारा असं लिहिलं.

नंतर आलेल्यांचं पण सांगते. लाकडाची वखार कच्छी पटेलांची, ते आले तेव्हा मी लहान होते, आता त्यांची नातवंडं आमच्या पोरांपेक्षा चांगली मराठी बोलतात. मारवाडी हार्डवेअरवाले. कर्नाटकातल्या हसनकडनं आलेले अय्यंगार बेकरीवाले, ज्यांचे पाव आणि खारी सगळ्या गावाच्या चहात बुडते. फर्निचर करणारे युपीचे, सेंटरिंगवाले बिहारचे, द्राक्षबागेत छाटणीला आणि डिपिंगला, म्हंजे घड औषधात बुडवायला येणारी पोरं कुठकुठली, आणि सराफ कट्ट्यावर माडीवर बसून बारीक काम करणारे बंगाली कारागीर.

या बंगाली कारागिरांपाशी मला जरा थांबायचंय. आमच्या खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातल्या माण-खटाव भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर गेलीत हे तुमच्या वाचकांना सांगायला नको. केरळ, तमिळनाडू, आंध्र, बंगाल, पंजाब, अगदी नेपाळपर्यंत. सोनाराच्या दुकानातली माती आणायची, जुनं सोनं-चांदी वितळवायचं, तेजाबात टाकून शुद्ध करून द्यायचं. पावसानं दगा दिला, शेतीत काय राहिलं नाही म्हणून एक गेला, त्यानं भावाला नेलं, भावानं मेव्हण्याला. म्हंजे आमचा पोरगा बंगालमध्ये जाऊन मुशीत सोनं वितळवतो आणि बंगालचा पोरगा आमच्या माडीवर येऊन त्याच सोन्याचा हार घडवतो. दोघांच्या आया घरी वाट बघतात.

माझा थोरला केरळात आहे, २२ वर्षं झाली. पहिल्यांदा मी तिकडं गेले तेव्हा एका खोलीत सहा जण राहात होते, खालीच शेगडी, मूस तापून लाल झालेली, आणि तेजाबाची वाफ घशाला अशी झोंबायची की मला दोन मिनिटं आत उभं राहवलं नाही. त्या सहा पोरांना तिथल्या एका मुसलमान घरमालकानं खोली दिली होती. भाषा कळत नाही, जात माहीत नाही, गाव माहीत नाही, तरी दिली. पोराला टायफॉइड झाला तेव्हा त्या घरातल्या बाईनं त्याला आठ दिवस पेज करून घातली. आता माझी नात मल्याळी शाळेत जाते, माझ्याशी फोनवर बोलताना मध्येच मल्याळी शब्द येतो आणि तिचा तिलाच कळत नाही. उद्या तिथल्या देवळापुढं कुणी मीटिंग भरवून म्हटलं की हे मराठे लई झालेत, यांना खोल्या देऊ नका, तर? आमच्या गावात दर तिसऱ्या घरातलं कुणीतरी असं बाहेर आहे. मोठमोठे बंगले बांधलेत, मार्बल बसवलंय, आत दोन म्हातारी माणसं आणि एक कुत्रं. रेणावीच्या रेवणसिद्धाच्या जत्रेला आणि दिवाळीला सगळे येतात, गाड्यांच्या नंबरप्लेट बघितल्या तर पाचसहा राज्यांच्या असतात. ग्रुपवर त्या मेसेजला अंगठा दाखवणाऱ्यांतले निम्मे तर बाहेरच्या राज्यात बसून अंगठा दाखवत होते, हे मी एकेक नाव बघून सांगतेय.

आता खरं ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

येत्या फेब्रुवारी २०२७ ला शिरगणती आहे आणि यावेळी सगळ्यांची जात लिहून घेणार आहेत. १९५१ पासनं फक्त अनुसूचित जाती-जमातींचीच नोंद व्हायची, सगळ्या जातींची शेवटची मोजणी १९३१ ची. तेव्हा तर सांगली जिल्हाच नव्हता. खानापूर, तासगाव, वाळवा सातारा जिल्ह्यात, आटपाडी औंध संस्थानात, सांगली, मिरज, जत ही वेगळी संस्थानं. १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. म्हंजे आपल्या जिल्ह्यात कुठल्या जातीची किती माणसं आहेत हे जिल्हा झाल्यापासनं कधीच कुणी पूर्ण मोजलेलं नाही, आणि तरी प्रत्येक निवडणुकीला प्रत्येक पुढारी आमची इतकी मतं, तुमची इतकी मतं असं छातीठोकपणे सांगतो. २०११ ला केंद्राचा वेगळा सामाजिक आर्थिक सर्व्हे झाला होता, त्यातले जातीचे आकडे बाहेर आलेच नाहीत. सरकारनं सुप्रीम कोर्टात सांगितलं की त्यात ४६ लाखांवर जातीची नावं निघाली. १९३१ ला होती ४,१४७. कारण सरळ आहे. कुणी आडनाव सांगितलं, कुणी पोटजात, कुणी कूळ, कुणी गोत, आणि लिहिणाऱ्यानं जे ऐकलं ते लिहिलं. हा दोष मी सांगणाऱ्याला देत नाही, कारण लिहिणारी मी पण होते.

माझ्याकडनं झालेली चूक सांगते, आजवर कुणाला सांगितली नाही. २०११ ला स्टँडच्या मागं कैकाडी वस्तीवर गेले. दुपारचे दोन वाजलेले, पाय दुखत होते, अजून अठरा घरं राहिलेली. एक बाई झाडाखाली बुट्टी विणत बसलेली, पायाच्या अंगठ्यात काडी धरून, आणि पलीकडच्या म्हातारीशी त्यांच्या बोलीत भराभर बोलत होती, मला एक शब्द कळत नव्हता. फॉर्मवर मातृभाषेचा कॉलम आला. मी विचारलं पण नाही, 'मराठी' लिहून टाकलं. तिनं बघितलं, तिला वाचता येत होतं, चौथीपर्यंत शिकलेली. ती म्हणाली, "बाई, आमची बोली वायली हाय की." मी म्हटलं, "मराठी येतंय ना तुला, मग झालं तर." ती गप बसली आणि परत विणायला लागली. तिच्या खाली अजून दोन भाषा लिहायची सोय होती, मराठी तिथं लिहायला पाहिजे होती, हे मला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. मी तिच्या घरची नऊ माणसं एका शब्दानं पुसून टाकली. आणि असं मी एकटीनंच केलं नसणार. वडार वस्तीवर 'मराठी', मशिदीच्या बोळात सरसकट 'उर्दू', असं कितीतरी ठिकाणी झालं असेल. आज ती बाई स्टँडवर दिसली की मी थांबते, बोलते, पण ते बोलायचं धाडस अजून झालेलं नाही.

कुणी म्हणेल एवढ्यानं काय बिघडतं. बिघडतं ते या माणसांचंच बिघडतं. आपल्याकडं कैकाडी विमुक्त जातीत, विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत तेच कैकाडी अनुसूचित जातीत. वडार आपल्याकडं विमुक्त, आणि जतच्या पलीकडं विजापूरकडं गेलं की तेच वडार अनुसूचित जातीत. सख्ख्या बहिणी, एक जतला दिली एक विजापूरला, दोघींच्या पोरांचं सर्टिफिकेट वेगळं. त्यात आपल्याकडं विमुक्त-भटक्यांना जातीचा दाखला काढायचा तर २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. आता जी माणसं तेव्हा गाढवावर बिऱ्हाड घालून या गावातनं त्या गावात हिंडत होती, ज्यांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ ला कुठं त्यातनं सुटका झाली, त्यांनी १९६१ चा कागद आणायचा कुठनं? गावात तलाठ्याच्या दप्तरात त्यांचं नाव नाही, शाळेच्या रजिस्टरला नाही. माझ्या वर्गातली एक हुशार पोरगी निव्वळ या कागदापायी पुढची स्कॉलरशिप घेऊ शकली नाही, ती आता पोल्ट्रीवर कामाला जाते. म्हणून म्हणते की कुठल्यातरी सरकारी मोजणीत यांची जात आणि बोली एकदा तरी नीट यायला पाहिजे. एकेकट्याचा दाखला शिरगणतीतनं मिळत नाही हे मला कळतं, पण माणसं किती आहेत तेच माहीत नसेल तर त्यांच्यासाठी मागायचं तरी काय आणि कुणाच्या जोरावर?

आता कोप्यांचं. फेब्रुवारीत आमच्या शिवारात निम्म्या नव्या वस्त्या असतात, ऊसतोडीच्या. टेंभू योजनेचं, म्हंजे कृष्णेतनं उपसून आणलेलं पाणी आलं आणि ज्या माळावर कुसळं उगवायची तिथं ऊस उभा राहिला, आणि ऊस आला म्हणून बीडकडनं, जतकडनं, विजापूरकडनं टोळ्या यायला लागल्या. बघा कसं आहे, पाणी नव्हतं तेव्हा आमची माणसं बाहेर गेली, पाणी आलं तर दुसऱ्या दुष्काळातली माणसं इकडं आली. मुकादमाकडनं, म्हंजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडनं, उचल म्हंजे आगाऊ पैसे घेतलेले, एक नवराबायको म्हंजे एक कोयता, ऑक्टोबर-नोव्हेंबरला येतात ते मार्च-एप्रिलला जातात. बांधावर पालापाचट आणि प्लास्टिकच्या कागदाच्या कोप्या. वंजारी, बंजारा, मराठा, धनगर, मातंग, बौद्ध, मुसलमान, सगळ्या जातीची माणसं त्यात असतात. बंजारा बायका आपसात गोरमाटीत बोलतात. आणि गावातल्या कुणालाही विचारा, ही माणसं कोण, तर एकच उत्तर, 'तोडकरी'.

शिरगणतीचा नियम असा आहे की माणूस त्या मोजणीच्या काळात जिथं असेल तिथं मोजायचा. २०११ ला ९ ते २८ फेब्रुवारी मोजणी होती, २८ च्या रात्री बेघर माणसं मोजायची आणि १ ते ५ मार्च परत फिरून तपासायचं. जो त्या सगळ्या काळात घरी नव्हताच त्याला घरच्या यादीत धरायचं नाही. म्हंजे माझा मुलगा केरळात मोजला जाणार, आमच्या घरात नाही, ते बरोबरच आहे. आणि बीडच्या कुलूप लावलेल्या घरातला माणूस आमच्या बांधावरच्या कोपीत मोजला जायला पाहिजे. इथं मोजला नाही तर तो कुठंच मोजला जात नाही. सरकारच्या हिशेबानं तो माणूस नाहीच.

आणि प्रत्यक्षात काय होतं ते मी बघितलंय. प्रगणक दहा-अकराला शाळेतनं निघतो. कोपीतली माणसं पहाटे तीन-चारला फडात गेलेली असतात. कोपीत दोन दगडांची चूल, थंड झालेली राख, झोळीत तान्हं मूल आणि त्याला हलवत बसलेली सात-आठ वर्षांची बहीण. तिला विचारलं घरात किती माणसं, तर ती बोटं मोजते आणि मोजताना स्वतःला विसरते. हे मी २०११ ला ओढ्यापलीकडच्या कोपीत डोळ्यांनी बघितलं. मी तिला म्हटलं, "आणि तू गं?" तर ती हसली आणि एक बोट वाढवलं. तिचं वय काय, नाव काय, ते तिनं सांगितलं, पण आईचं नाव विचारलं तर 'आई' म्हणाली. मी रात्री परत गेले. आमच्या मिस्टरांनी गाडीवर नेलं, बॅटरी धरली, आणि चुलीच्या उजेडात मी २७ माणसं लिहिली. दिवसा जाऊन परत आले तेवढ्यावरच थांबले असते तर ती सत्तावीसच्या सत्तावीस माणसं मोजायची राहिली असती. माझ्याबरोबरच्या एकांना मी विचारलं, तुमच्या भागात कोप्या होत्या ना, तर ते म्हणाले, ते आपल्या गावचे नाहीत हो बाई, कशाला डोकं लावताय. ते मनानं वाईट नव्हते, त्यांना खरंच वाटत होतं की गावचा म्हंजे ज्याचं घरपट्टीचं पुस्तक आहे तो.

यावेळी तर मोजणी मोबाईलवर आहे, लोकांनी स्वतः ऑनलाईन माहिती भरायची पण सोय आहे. चांगलं आहे, माझी सून पाच मिनिटांत भरेल. पण ज्याचा मोबाईल मुकादमाच्या फोनपुरताच चालू होतो, ज्याला चार्जिंगला गावात पाच रुपये द्यावे लागतात, तो काय भरणार. तिथं चालतच जावं लागेल.

दुसरं, भीती. युपी-बिहारच्या पोरांना वाटतं नाव लिहून घेतलं म्हंजे पोलिसात देणार. ग्रुपवरचे असले मेसेज त्यांच्या कानावर जात नाहीत असं समजू नका, त्यांना मराठी वाचता येतं आता. पारधी समाजाला तर वहीपेन घेऊन आलेल्या माणसाचा पिढ्यानपिढ्यांचा वाईट अनुभव. त्यांना सांगायला पाहिजे की १९४८ च्या जनगणना कायद्याप्रमाणं एकेका माणसाची माहिती गुप्त ठेवावी लागते, ती कोर्टात पुरावा म्हणूनसुद्धा वापरता येत नाही. हे प्रगणकानं दारात उभं राहून चार वाक्यात सांगितलं तर माणूस बोलतो, माझा अनुभव आहे, चहा पण देतो.

आणि जात लिहिण्यावरनं गावात भांडणं होतील असं जे म्हणतात त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की जात लिहिली नाही म्हणून ती गेली असं कधी झालेलं नाही. २०२० ला सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, तो मला मनापासनं पटला, आमच्याकडं पाट्या बदलल्या पण. तरी पाण्याचा टँकर कुठल्या वस्तीवर शेवटी जातो हे उन्हाळ्यात येऊन बघा. पाटीवरनं नाव गेलं हे बरंच झालं, पण टँकर आधी कुणाकडं आणि मागनं कुणाकडं हे आकड्यात दिसायला पाहिजे, आणि ते आकडे मोजल्याशिवाय यायचे नाहीत.

एकत्र राहायला आम्हाला कुणी शिकवायची गरज आहे असं पण नाही. इथनं जवळ कडेगावला मोहरमला उंचच्या उंच ताबूत उभे राहतात, आधी कळस आणि मग पाया असे वरनं खाली बांधत येतात, मातीत भिजवलेल्या सुतानं, आणि त्यातले कितीतरी ताबूत हिंदू घरांचे मानाचे आहेत. वाळवा तालुक्यात गोटखिंडीला गणपती मशिदीत बसतो, चाळीस वर्षांच्या वर झाली. माझ्या शाळेत एकाच बाकावर मुल्ला, वडार आणि देशमुख बसायचे, डबा एकमेकांचा खायचे. तीच पोरं आज ग्रुपवर अंगठे दाखवतायत याचं मला जास्त लागलंय. यांना मीच शिकवलं, मग माझ्या शिकवण्यात काय राहिलं, असं सारखं मनात येतं.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी कारखान्यांच्या शेती विभागाकडनं टोळ्यांची यादी मागवावी. कुठल्या गावात कुठल्या फडावर किती कोयते आहेत हे चिटबॉयला, म्हंजे फडावर तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला, तोंडपाठ असतं, त्याला प्रगणकाबरोबर दोन रात्री द्यावं. वडार, कैकाडी, पारधी वस्तीवर जमलं तर त्यांच्यातलंच शिकलेलं पोरगं बरोबर घ्यावं, आता शिकलेत, बीए झालेले आहेत. जातीच्या कॉलममध्ये आडनाव नाही, पोटजात नाही, जात कुठली ते समजावून विचारावं आणि माणूस सांगेल तेच लिहावं, त्याच्या वतीनं आपण ठरवू नये. मातृभाषा विचारावी. खरंच विचारावी. आणि खोली भाड्यानं देणाऱ्या मालकांना माझी हात जोडून विनंती आहे, मोजणीला माणूस येईल त्या दिवशी भाडेकरूंना लपवू नका, 'पाहुणे आहेत' म्हणून घालवू नका, त्यांची नावं सांगा.

गावातल्या ज्या लोकांनी मला मीटिंगमध्ये बसवलं त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. पण पुढच्या मीटिंगला मी परत जाणार आहे आणि यावेळी बोलल्याशिवाय बसणार नाही. स्टँडमागच्या त्या बाईकडं पण जाणार आहे, मोजणीच्या आधी, मी काय लिहिलं होतं ते सांगायला आणि यावेळी विचारणाऱ्याला तुमच्या बोलीचं नाव ठासून सांगा म्हणायला.

मी रिटायर्ड आहे, मला आता ड्युटी लागणार नाही. पण आमच्या गावात जो कोणी प्रगणक येईल त्याच्याबरोबर फिरायला मी तयार आहे, पैसे नकोत. यंदा कोप्या ओढ्याच्या पलीकडं जुन्या विहिरीच्या वरच्या अंगाला आणि खाणीकडच्या बांधाला पडतात, दिवसा तिथं पोरांशिवाय कुणी नसतं. रात्री आठनंतर, भाकरी झाल्यावर जावं लागतं, आणि बॅटरी न्यावी लागते.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ता. खानापूर, जि. सांगली